रजिस्टरात शून्य लिहायला घाबरू नका

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात पहिल्या पानावर एक छोटी चौकट येते. कोयनेत किती टीएमसी साठा, विसर्ग किती क्युसेक, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती फूट. आमच्या घरात चहाआधी ती चौकट वाचली जाते. कृष्णाकाठच्या कुठल्याही पोराला विचारा, कोयना 105 टीएमसीची, आयर्विनला 40 फुटांवर इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे तो न अडखळता सांगेल. 2019चा महापूर ज्यांच्या दारात आला त्यांना हे आकडे शिकवावे लागत नाहीत. पण त्याच कृष्णेचं पाणी जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून उचलून, फिल्टर हाउसमधून, उंच टाकीतून आमच्या नळाला येतं, तेव्हा त्यात क्लोरीन किती उरलेलं असतं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. ते का शोधावं लागलं हे सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. लांबलं आहे, पण जमलं तर सगळं छापा.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत 31 वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. मुलांच्या प्रात्यक्षिकांसाठी द्रावणं करायची, ब्युरेट धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, वहीत नोंद ठेवायची, हे माझं काम. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमचं गाव नगरपालिकेचं, वस्ती पन्नास हजारांच्या आत. पाणी दिवसाआड, पहाटे साडेपाचला सुटतं, पाऊण तास असतं. आमची गल्ली लाइनच्या शेवटी. आमच्या घरापुढे ओढा, त्यापुढे मळे. टाकीपासून निघालेलं पाणी सगळ्या गावाला देऊन झालं की उरलेलं आमच्या हंड्यात पडतं.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा संपत आला होता. ती येऊन आठ दिवस होत नाहीत तोच समोरच्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा पिवळा पडला. चार दिवसांत गल्लीत आणखी दोघं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “ही ‘ई’ कावीळ दिसते, पाण्यातून होते. बाकीचे बहुतेक आपोआप बरे होतील. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला झाली तर जिवावर बेतते. लेकीला इथं ठेवू नका.” त्या रात्री ह्यांनी जावयांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी आली. बाळंतिणीसाठी आणून ठेवलेला डिंक, अळीव, खारीक, सगळं तसंच पिशवीत भरून दिलं. माहेरी आलेल्या लेकीला नळाच्या पाण्याच्या भीतीने सासरी परत पाठवावं लागलं. गाडी वळली तेव्हा दारात उभं राहायचं बळही मला नव्हतं.

त्या आठ दिवसांत तीही तेच पाणी प्यायली होती. उकळलेलं प्यायली, पण दात घासताना, आंघोळ करताना, कोथिंबीर धुताना कोण उकळलेलं पाणी घेतं? ही कावीळ अंगात शिरल्यावर उगवायला दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे ती सुखरूप आहे की नाही हे कळायलाच मला दोन-सव्वादोन महिने होते. मी कॅलेंडरवर दिवस मोजत होते. नातू सुखरूप झाला, लेक सुखरूप आहे. पण ते दोन महिने मी विसरू शकत नाही, आणि त्या दोन महिन्यांतच मी नगरपालिकेच्या पाण्याची दप्तरं वाचायला शिकले.

गल्लीत आजारी पडल्यावर नगरपालिकेची माणसं आली, नमुना घेऊन गेली. काही दिवसांनी एक अहवाल गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर फिरला. खाली शिक्का, सही, आणि एक ओळ: ‘पिण्यास योग्य’. लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. तो कागद मी मोठा करून पाहिला. आयुष्यभर बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्यामुळे नजर आधी तिथंच जाते: नमुना कुठला आणि कधीचा. ठिकाण होतं नगरपालिका कार्यालयातला नळ. वेळ सकाळी 11. आमच्या गल्लीत पाणी सव्वासहाला बंद होतं. अकरा वाजता कार्यालयाच्या नळाला येतं ते गच्चीवरच्या सिंटेक्सच्या टाकीतलं पाणी. आमच्या गल्लीतल्या काविळीचं उत्तर त्या नळाला कसं माहीत असणार?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. आज कावीळ दिसली तर ती देणारं पाणी महिना-सव्वा महिन्यापूर्वी येऊन गेलेलं असतं. साथ दिसल्यावर घेतलेला नमुना निर्मळ आला तरी त्यातून मागच्या महिन्याचं काहीच कळत नाही. म्हणजे खरं काय झालं ते जुन्या रजिस्टरात शोधावं लागतं. रोजची नोंद खरी नसेल तर साथीचं मूळ कधीच सापडणार नाही. माझ्या पत्राचा सगळा जीव या एका मुद्द्यात आहे.

आता रजिस्टरं बघायची कशी? मी आधी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसले होते. दीडशे शब्दांत, एकाच विषयाचा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तो हक्क आहेच, आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. पण माझ्या भाच्याने सांगितलं, मावशी, इतकं थांबायला नको. नोव्हेंबर 2018मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढलं आहे की दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना दप्तर पाहायला खुलं ठेवायचं. ते परिपत्रक छापून पिशवीत घेतलं आणि सोमवारी गेले. पहिल्या सोमवारी मला तीन टेबलं फिरवलं. दुसऱ्या सोमवारी पाणीपुरवठ्याच्या भाऊसाहेबांनी एक रजिस्टर काढून दिलं. तिसऱ्या सोमवारपर्यंत त्यांनाही माझी सवय झाली आणि माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची ठेवली जाऊ लागली. मी आवाज चढवला नाही, कुणाला दमदाटी केली नाही, त्यांनीही मला कधी हाकललं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की नगरपालिकेत कागद मागायला गेलं की भांडणच होतं.

पहिलं उघडलं ते क्लोरीनचं रजिस्टर. रोज सकाळी गावात ठिकठिकाणी नळाचं पाणी घेऊन त्यात उरलेलं क्लोरीन मोजायचं आणि लिहायचं. ऑगस्टचं पान काढलं. 0.5, 0.5, 0.5, 0.5. महिनाभर, सगळ्या ठिकाणी, एकाच पेनाने, एकाच तिरक्या हाताने. मी पान उलटलं. जुलैतही तसंच. आमच्याकडे स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्याच्या चौकोनात मी दूध, गॅस आणि पाणी लिहिते. ऑगस्टमध्ये मुख्य जलवाहिनी फुटून गावात सलग चार दिवस पाणी नव्हतं. चार चौकोनांत माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, ‘पाणी नाही’. रजिस्टरात त्या चारही दिवशी 0.5 होतं. नळाला पाणीच नसताना त्यात क्लोरीन मोजलं होतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फिल्टर हाउसमध्ये तुरटीने गाळ खाली बसवतात, वाळूतून पाणी गाळतात आणि मग क्लोरीन देतात. ते पाण्यात मिसळल्यावर निदान अर्धा तास मुरू द्यायचं असतं. तिथले जंतू मारून थोडं क्लोरीन मागे उरायला हवं, कारण पुढे पाइपातून येताना कुठे घाण शिरली तर तिच्याशी लढायला तेच असतं. आपल्या देशाचं पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस 10500 सांगतं की हे उरलेलं क्लोरीन शेवटच्या नळालाही निदान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर असावं. मोजायची रीत अगदी साधी. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे काही थेंब टाकायचे, आणि क्लोरोस्कोपच्या चकतीवरच्या पिवळ्या छटांशी रंग ताडून पाहायचा. यालाच सगळीकडे ओटी टेस्ट म्हणतात. रंग लगेच, दहा-पंधरा सेकंदांत वाचायचा. पाच मिनिटं नळी तशीच ठेवून मग पाहिलं तर घाणीशी बांधलं गेलेलं, निकामी झालेलं क्लोरीनही रंग देतं आणि आकडा फुगतो. द्रावण विषारी आहे, ते हाताला लागू द्यायचं नाही आणि तपासलेलं पाणी ओतून टाकायचं, हेही सांगायला हवं.

मी प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडून ते द्रावण आणि क्लोरोस्कोप आणला. पहाटे 5.40ला तोटीखाली नळी धरली. अंगणातला दिवा लावून मागे पांढरा कागद धरला. थेंब टाकले. निरोगी पाण्यात थेंब पडला की तिथल्या तिथे लिंबाच्या फोडीसारखा फिका पिवळा रंग पसरतो. मी वाट पाहत राहिले. थेंब खाली गेले, विरले, आणि नळीतलं पाणी होतं तसंच राहिलं. मला वाटलं द्रावण जुनं असेल. सायकलवर टांग टाकून टाकीजवळ राहणाऱ्या मैत्रिणीकडे गेले, तिच्या नळाचं पाणी घेतलं. थेंब टाकताच नळी पिवळी झाली. 0.5 च्या खुणेला बरोबर जुळली. म्हणजे टाकीतून निघताना औषध नीट घातलेलं होतं, आणि टाकीपासून माझ्या घरापर्यंतच्या दीड-दोन किलोमीटरात कशाने तरी ते खाऊन टाकलं होतं.

फिल्टर हाउसमधलं काम नीट चाललं होतं, हे मला इथं आवर्जून सांगायचं आहे. तिथल्या माणसांनी आपलं काम केलं होतं. चूक रस्त्यात कुठेतरी होती. आणि ती चूक ज्या एका आकड्याने त्याच दिवशी ओरडून सांगितली असती, तो आकडा लिहायचंच बंद झालं होतं.

असं का होतं, हे मला आमच्या भागात पाणी सोडणाऱ्या काकांनी सांगितलं. तीस वर्षं पहाटे उठून चाव्या फिरवणारा हा माणूस. माझ्या अंगणात बसून चहा घेताना म्हणाले, “बाई, शून्य लिहिलं की वरून विचारणा येते. कुणी तपासलं, का आलं, मेमो काढू का. शून्य पाच लिहिलं की कुणी काही विचारत नाही. मग पोरं शून्य पाच लिहितात.” मला त्यांचा राग आला नाही. आमच्या प्रयोगशाळेतही मुलं उत्तर बरोबर यावं म्हणून वाचनं मागून बदलायची. मी त्यांना सांगायचे, चुकीचं वाचन आलं तर तेच लिहा, कारण त्यातूनच कळेल की कुठली बाटली बिघडली आहे. पाण्याच्या रजिस्टरातलं शून्य हे तसं वाचन आहे. काल 0.3 होतं आणि आज शून्य आलं, तर त्या लाइनमध्ये घाण शिरली असण्याची ती पहिली सूचना असते. ते शून्य लिहिणाऱ्या पोराला शाबासकी मिळायला हवी, आणि त्याच दिवशी खोदाईचं पथक तिथं जायला हवं.

मग मी प्रयोगशाळेचे अहवाल मागितले. जंतूंच्या तपासणीसाठी नगरपालिका नमुने जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत पाठवते. त्याची बाटली निर्जंतुक केलेली असते आणि तिच्यात थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते कशासाठी? पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथे थांबवण्यासाठी. नाहीतर बाटलीत प्रवास करताना क्लोरीन जंतू मारत राहील आणि नमुना घेतला त्या क्षणाची स्थिती कळणार नाही. नमुना थंड ठेवून 24 तासांच्या आत पोचवायचा, आणि मग प्रयोगशाळेत पोषक द्रव्याच्या नळ्यांत तो घालून जंतू वाढतात का ते पाहायचं. याला एक-दोन दिवस, कधी जास्त लागतात. मानक कडक आहे: 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही आढळता कामा नये. यात सवलत नाही.

वर्षभराचे अहवाल मी आलेखाच्या कागदावर उतरवून घेतले. एका रांगेत तारीख, दुसरीत ठिकाण, तिसरीत वेळ, चौथीत शेरा. तो कागद भरत आला तशी माझ्या लक्षात एक गोष्ट येत गेली. ठिकाणाच्या रांगेत तीनच नावं फिरून फिरून येत होती. नगरपालिका कार्यालय, टाकीखालचा नळ, आणि बाजारपेठेतला एक नळ. तिन्ही टाकीपासून हाकेच्या अंतरावर. केंद्राच्या पाणीपुरवठा नियमावलीत वस्तीच्या प्रमाणात, दर 5 हजार माणसांमागे एक या हिशेबाने नमुने घ्यावेत असं आहे, आणि ते गावभर पसरलेले असणं हाच त्याचा अर्थ आहे. आमच्या ओढ्याकाठच्या तीन गल्ल्यांचं नाव त्या वर्षात फक्त एकदा होतं. जुलैमध्ये. आणि त्याच अहवालावर शेरा होता, ‘पिण्यास अयोग्य’.

तो कागद हातात धरून मी बराच वेळ बसले. त्यावर आवक शिक्का होता नमुना घेतल्यानंतर तीन आठवड्यांचा. कोपऱ्यात शाईने लिहिलं होतं, ‘फेरनमुना घ्यावा’. फेरनमुना घेतला होता, आणि तो ‘योग्य’ आला होता. ठिकाण: टाकीखालचा नळ. ज्या गल्लीचं पाणी खराब निघालं तिचा फेरनमुना दुसऱ्याच नळाचा घेतला, आणि फाइल बंद झाली. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पहाटे साडेपाचला आमच्या गल्लीत यायचं, नमुना घ्यायचा, तो बर्फात ठेवून एसटीने किंवा नगरपालिकेच्या गाडीने जिल्ह्याला पाठवायचा, याला माणूस लागतो. त्यांच्याकडे माणूस नव्हता. पण त्या अहवालाची एक झेरॉक्स आमच्या गल्लीच्या तोंडाशी डकवली असती तरी आम्ही पाणी उकळायला लागलो असतो. अहवाल आमच्या नळाचा होता आणि आम्हालाच कळला नाही.

शेवटी तक्रारींचं आणि गळती दुरुस्तीचं रजिस्टर. त्यात ऑगस्टच्या सुरुवातीला आमच्या गल्लीतल्या दोन बायकांच्या तक्रारी होत्या. ‘पहिलं पाणी गढूळ, गटारीचा वास.’ पुढे एकच शब्द, ‘निरसन’. मी माझ्या कागदावर ती तारीख लिहिली आणि पहिला मुलगा पिवळा पडला ती तारीख लिहिली. मध्ये साधारण पाच आठवडे. मी डॉक्टर नाही आणि एवढ्याने काही सिद्ध होतं असा माझा दावा नाही. पण जुलैचा अयोग्य नमुना, ऑगस्टची वासाची तक्रार, माझ्या नळीतलं शून्य आणि सप्टेंबरची कावीळ एका रेषेत मांडल्यावर कुठे खणायचं हे सांगायला डॉक्टर लागत नाही. तो कागद मी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि त्याच आठवड्यात माणसं पाठवली. ओढ्याजवळच्या मोरीखाली एक घरगुती जोडणी गटारातूनच गेलेली होती. त्या लोखंडी पाइपाचा तुकडा काढून रस्त्यावर ठेवला तेव्हा मी पाहिला. वरून तांबूस पापुद्रे, खालच्या बाजूला, जिथं गटाराचं पाणी लागत होतं तिथं, करंगळी जाईल एवढी भोकं.

पाणी दाबाने येत असताना अशा भोकातून बाहेर गळतं. पण आमच्याकडे दिवसाआड पाऊणच तास पाणी. बाकीच्या वेळी पाइप रिकामा, आणि भोकाबाहेर गटार वाहतं आहे. ते आत जाऊन बसणारच. त्यात आम्ही नागरिक आणखी भर घालतो. पाणी सुटलं की घराघरांत नळाला मोटर लागते. मोटर पाइपातून ओढून घेते, आणि पाइपातलं संपलं की भोकातून जे मिळेल ते ओढते. शेजाऱ्याच्या मोटरमुळे आपल्या घरी गटार येऊ शकतं, हे मी आता प्रत्येकाला दारात जाऊन सांगते. आमच्या घरची मोटर आम्ही काढली. आमच्याच जिल्ह्यांच्या पट्ट्यात कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने चोवीस तास पाण्याची योजना करून दाखवली. तिच्याविषयी बोलताना लोक बायकांचे पहाटेचे श्रम वाचले एवढंच सांगतात. पाइप सतत भरलेला राहिला की बाहेरची घाण आत शिरत नाही, हा तिचा तितकाच मोठा फायदा आहे.

रासायनिक अहवालाबद्दल थोडक्यात. त्यात गढूळपणा, क्षार, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट असे आकडे असतात आणि मर्यादेचे दोन रकाने. पहिला स्वीकारार्ह मर्यादेचा, आणि दुसरा, पाण्याचा पर्यायी स्रोतच नसेल तर चालवून घ्यायच्या मर्यादेचा. गढूळपणा पहिल्यात 1, दुसऱ्यात 5. एकूण क्षार पहिल्यात 500, दुसऱ्यात 2000. बहुतेक जण दुसरा रकाना पाहून ‘मर्यादेत’ म्हणतात. तुम्ही पहिला पाहा. आणि पावसाळ्यात गढूळपणाचा आकडा विशेष पाहा, कारण पाणी गढूळ असलं की मातीच्या कणांच्या आडोशाने जंतू क्लोरीनपासून वाचतात. नायट्रेटला मात्र एकच मर्यादा आहे, 45. तिथं दुसरा रकाना चालत नाही.

आमच्या गल्लीत आता निम्मी घरं वीस लिटरचे जार घेतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, भीती मीही अनुभवली आहे. पण 2025च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गुलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा तिथल्या काही खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही दूषित निघालं आणि ते बंद करावे लागले. नळाच्या पाण्याचं निदान एक रजिस्टर आहे, जे मी सोमवारी जाऊन मागू शकते. जारवाल्याचं कुठलं रजिस्टर मागू? आणि ज्या घरात जार परवडत नाही तिथल्या लेकी-सुनांनी काय करायचं?

‘असे आकडे जाहीर केले तर लोकांत घबराट पसरेल’ असं मला एका जबाबदार माणसाने सांगितलं. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. आपल्या शेजारचं गाव. तिथल्या माणसांना आकडे कळल्यामुळे त्रास झाला नव्हता. आयर्विनची पातळी 42 फूट झाली हे छापल्यावर लोक घाबरून पळत सुटत नाहीत. जनावरं हलवतात, धान्य माळ्यावर चढवतात, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडे पाठवतात. शेवटच्या नळाला क्लोरीन शून्य आलं हे कळलं तर ते पाणी उकळतील, आणि गरोदर बायकांना जपतील.

म्हणून माझं मागणं नगरपालिकेकडे आहे आणि आपल्याकडेही आहे. नगरपालिकेने क्लोरीनच्या नोंदीत नळाचा पत्ता आणि घड्याळातली वेळ लिहावी, रोज एक तरी नमुना लाइनच्या शेवटच्या घरचा असावा, अयोग्य अहवाल आला की त्याच दिवशी त्या गल्लीला कळवावं, आणि फेरनमुना त्याच नळाचा घ्यावा. याला नवी योजना, नवं टेंडर लागत नाही. आणि शून्य लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला मेमो देऊ नये. आपण दैनिकात कोयनेच्या चौकटीखाली एक ओळ वाढवावी: आज गावात सर्वात कमी क्लोरीन कुठल्या भागात, किती. पावसाळ्याचे चार महिने तरी.

वाचकांपैकी कुणाला आपल्या गावचं दप्तर पाहायचं असेल तर सोबत आपलं कॅलेंडर न्या. पाणी कधी आलं, कधी नाही, कधी गढूळ आलं, हे बायकांनी घराघरांत लिहून ठेवलेलं असतं, आणि सरकारी रजिस्टर तपासायला त्याहून चांगलं दुसरं काही मला सापडलं नाही. एक रजिस्टर एकटं वाचू नका. क्लोरीनचं, प्रयोगशाळेचं, तक्रारींचं आणि दुरुस्तीचं, चारही शेजारी मांडून एकच तारीख चारही ठिकाणी शोधा. माहिती अधिकाराच्या 2005च्या कायद्यात नुसते कागदच नव्हेत, तर साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, हेही लक्षात असू द्या.

पाइप बदलल्यापासून मी पाण्याच्या प्रत्येक दिवशी पहाटे नळी धरते. पहिले काही दिवस शून्यच आलं, मग फिकट छटा दिसू लागली. सगळी वाचनं एका दोनशे पानी वहीत आहेत, त्यातली शून्यंही. आपण ती ओळ सुरू केलीत तर आमच्या टोकाचा आकडा मी पाण्याच्या प्रत्येक दिवशी कळवीन. दिवाळीला लेक बाळाला घेऊन येणार आहे, तिने काल फोनवर विचारलं, “आई, पाणी कसं आहे आता?” मी वही उघडून तिला वाचून दाखवलं.

आज सकाळी 5.40, ओढ्याकाठचं शेवटचं घर: 0.2.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
(नाव व पत्ता संपादकांना कळवला आहे, कृपया छापू नये.)